डेव्हलपमेंटमधून सायबर सिक्युरिटीत यायचं आहे? मग आधी कोड सोडू नका

हे मी त्यांच्यासाठी लिहून राहिली ज्यांनी दोन-चार वर्ष जावा, पीएचपी, पायथन, नोड असं काहीतरी केलं आहे, पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरी आहे किंवा वर्धा, यवतमाळ, बुलडाण्याच्या एखाद्या गावातून घरून काम चालू आहे, आणि डोक्यात सिक्युरिटीचं खूळ शिरलं आहे. मी स्वतः बॅकएंड डेव्हलपर होती, आता ॲप्लिकेशन सिक्युरिटीत आहे, आर्वी तालुक्यातल्या गावातून काम करते. कोणाच्या ना कोणाच्या भावाचा, पुतण्याचा फोन येतच असते, "ताई, हॅकिंगचा कोर्स कोणता करू?" सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

माझं म्हणणं सरळ आहे. तुम्ही डेव्हलपर आहात तर शून्यापासून "एथिकल हॅकर" व्हायला जाऊ नका, तुमच्याजवळ जो कोडचा अनुभव आहे त्याच दारातून आत शिरा. पगारही टिकते, अनुभवाची वर्षही वाया जात नाहीत.

१. कोर्स शोधायच्या आधी काम कोणतं ते ठरवा

सायबर सिक्युरिटी म्हणजे एक नोकरी नाही, पाच-सहा वेगवेगळी कामं एकाच नावाखाली चालतात.

सॉक (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर) ॲनालिस्ट म्हणजे स्क्रीनवर अलर्ट पाहायचे, खरा कोणता, खोटा कोणता ते छाटायचं, खरं वाटलं ते वर पाठवायचं. हे चोवीस तास चालते, म्हणजे रात्रपाळी आलीच. सर्ट-इन म्हणजे सायबर घटना पाहणारी केंद्र सरकारची संस्था, तिचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत की सायबर घटना लक्षात आली की ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, त्यामुळं ही माणसं कंपन्यांना लागतातच आणि नवख्या पोरांना बहुतेक इथूनच आत घेतात.

व्हीएपीटी किंवा पेनटेस्टिंग म्हणजे क्लायंटनं लेखी परवानगी दिलेल्या वेबसाईट, ॲप, नेटवर्कमध्ये छिद्रं (हल्लेखोराला आत शिरता येईल अशा चुका) शोधायची आणि रिपोर्ट लिहायचा. सिनेमात दाखवतात ते हेच, फक्त सिनेमात रिपोर्ट लिहिताना दाखवत नाहीत, आणि अर्धा वेळ त्यातच जाते. सरकारी वेबसाईट चालू करायच्या आधी सर्ट-इनच्या पॅनलवरच्या ऑडिटरकडून तपासून घ्यावी लागते, तिथूनही यांना भरपूर काम येते.

जीआरसी म्हणजे नियम, ऑडिट, पॉलिसी, आयएसओ २७००१ (माहितीच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) वगैरे. कोड कमी, कागद जास्त. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकते, म्हणून कंपन्या आता या लोकांना जरा मान देऊन राहिल्या.

क्लाउड सिक्युरिटी आणि डेव्हसेकऑप्समध्ये पाइपलाइन (कोड तपासून सर्व्हरवर चढवणारी यंत्रणा), कंटेनर, परवानग्या, सिक्रेट्स (पासवर्ड, की) सांभाळायचे. आणि ॲप्लिकेशन सिक्युरिटी, जिला सगळे ॲपसेक म्हणतात, तिथं डेव्हलपरच्या कोडमध्ये आणि डिझाइनमध्ये चूक कुठं आहे ते शोधायचं आणि त्यांच्यासोबत बसून ती दुरुस्त करून घ्यायची.

तुम्ही चार वर्षांचे डेव्हलपर असाल आणि सॉकमध्ये लेव्हल वनला गेले तर तिथं तुम्ही फ्रेशर. ज्याला लॉग वाचायची, हल्ला कुठून आला ते शोधायची आवड आहे त्यानं जावं, काही वाईट नाही. पण "दुसरं काही माहीत नव्हतं म्हणून गेलो" असं होऊ नये. डेव्हलपरनं आधी ॲपसेक आणि डेव्हसेकऑप्स पाहावं, हे माझं मत.

२. तुमच्याजवळ काय आहे त्याची यादी करा

लोक म्हणतात मला सिक्युरिटीतलं काहीच येत नाही. अरे बाबा, तुम्ही लॉगिन लिहिलं आहे, सेशन सांभाळलं आहे, डेटाबेसच्या क्वेऱ्या लिहिल्या, एपीआय बनवले, गिटवर काम केलं, प्रोडक्शन पडलं तेव्हा रात्री लॉग चाळत बसले. सिक्युरिटीत आलेल्या गंज पोरांना टूल चालवता येते पण टूलनं दाखवलेली चूक कोडमध्ये कुठं आहे ते सांगता येत नाही. तुम्हाला येते.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या जावा लायब्ररीत ते लॉगफोरशेल नावाचं छिद्र सापडलं, आठवत असेल. सगळ्यात अवघड प्रश्न हा होता की ही लायब्ररी आपल्या कोणकोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आपण कोणी ती मुद्दाम टाकली नव्हती, दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून ती आली होती. हे उत्तर ज्याला डिपेंडन्सी ट्री वाचता येते तोच देऊ शकते, म्हणजे डेव्हलपर.

दुसरं उदाहरण मार्च २०२४ चं. लिनक्समध्ये जागोजागी असलेल्या एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदार बसवलं होतं. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी, जे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे डेव्हलपर आहेत. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागून राहिला हे त्यांना खटकलं आणि ते त्याच्या मागं लागले. एवढंच. तर तुमची ती "हे इतकं स्लो काऊन चालून राहिलं बे" म्हणायची सवय कामाची आहे.

३. पाया पक्का करा, पण तिथंच मुक्काम करू नका

एचटीटीपी नीट शिका. रिक्वेस्टमध्ये काय जाते, हेडर म्हणजे काय, कुकीचे फ्लॅग कोणते, सीओआरएस का असते. डेव्हलपर हे वापरते पण फ्रेमवर्कच्या आड असल्यामुळं पाहत नाही.

नेटवर्किंगमध्ये टीसीपी, डीएनएस, टीएलएस, सबनेट आणि नेहमीचे पोर्ट. २२ वर एसएसएच, ४४३ वर एचटीटीपीएस, ३३०६ वर मायएसक्यूएल, ४४५ वर विंडोजचं फाईल शेअरिंग, ज्या रस्त्यानं मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरलं होतं. वायरशार्क उघडून स्वतःचंच ट्रॅफिक एकदा पाहा.

लिनक्समध्ये फाईलच्या परवानग्या, प्रोसेस, लॉग कुठं असतात, ग्रेप. बस. सगळं येईपर्यंत थांबाल तर दोन वर्ष यातच जातील, पाया भरतच राहाल, भिंत कधी उभी होणार नाही.

४. घरची लॅब लावा

लागते काय:

- लॅपटॉप, १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला. ८ जीबीत पण जमते, पुढं सांगते कसं.
- बर्प सूट कम्युनिटी एडिशन, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या मधात बसून रिक्वेस्ट पाहायचं, बदलायचं टूल, फुकट आहे. किंवा झॅप, तेही फुकट.
- ज्यूस शॉप, म्हणजे ओवास्प या वेब सिक्युरिटीच्या ना-नफा संस्थेचं, मुद्दाम छिद्रं ठेवून बनवलेलं ऑनलाइन दुकान. डॉकरवर चालते, नोडवर पण चालते.
- व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरी मशीन चालवायला) आणि काली लिनक्स (हॅकिंगची टूल आधीच भरलेलं लिनक्स), हे नंतर.
- इन्व्हर्टर. हसू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आता आपल्याकडची गोष्ट. कालीची इमेज तीन-चार जीबीची असते आणि मोबाईलचा रोजचा डेटा दीड-दोन जीबीचा. डाउनलोड अर्ध्यात तुटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून वर्ध्याला, अमरावतीला, नागपूरला कोणाकडे जाणार असाल तर लॅपटॉप सोबत न्या, तिथून सगळं एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. फाईल उतरली की तिचा चेकसम जुळवून पाहा, अर्धवट फाईलनं इन्स्टॉल करायला गेले तर काय बिघडलं तेच कळत नाही.

लाईट गेली आणि डेस्कटॉप धाडकन बंद झाला तर व्हर्च्युअल मशीनची डिस्क खराब होऊ शकते. सगळं सेट झाल्यावर स्नॅपशॉट घेऊन ठेवा, नोट्स मात्र मशीनच्या आत ठेवू नका, बाहेर ठेवा आणि गिटवर टाका. पावसाळ्यात वीज कडाडली की राउटरची पिन काढायची हे तर तुम्हाला माहीतच आहे.

८ जीबीवाल्यांनी काली विसरा. ॲपसेकसाठी कालीची गरजच नाही, हे कोणी सांगत नाही कारण कालीचा तो ड्रॅगनवाला वॉलपेपर फोटोत भारी दिसते. तुमचा नेहमीचा ब्राउझर, बर्प, नोडवर चालणारं ज्यूस शॉप आणि तुमचा कोड एडिटर एवढ्यावर सहा महिन्यांचं काम होते.

छिद्रं असलेली मशीन लावली तर तिचं नेटवर्क होस्ट-ओन्ली ठेवा, ब्रिज्ड नको, नाहीतर घरातल्या वायफायवर सगळ्यांसाठी ती उघडी पडते. आणि बर्पचं प्रोफेशनल व्हर्जन टेलिग्रामवरून क्रॅक केलेलं घेऊ नका. सिक्युरिटी शिकायला निघाले आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस घातला, अशी गत.

ट्रायहॅकमी या सरावाच्या साईटवर ब्राउझरमध्ये मशीन उघडायची सोय आहे, पण गावच्या नेटवर ती अडकत अडकत चालते. ओपनव्हीपीएननं जोडून आपल्या मशीनवरून काम केलं तर बरंच हलकं जाते.

५. सराव: एकच छिद्र खोलात पाहा

पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी आहे, पूर्ण फुकट, वाचायला पण आणि लॅब पण. डेव्हलपरसाठी यापेक्षा चांगलं काही मी पाहिलं नाही. सुरुवात ॲक्सेस कंट्रोलपासून (कोणाला काय पाहता येते याची तपासणी) करा, मग एसक्यूएल इंजेक्शन (इनपुटमधून डेटाबेसची क्वेरी बदलणं), ऑथेंटिकेशन, एक्सएसएस (दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये आपली स्क्रिप्ट चालवणं), मग एसएसआरएफ (सर्व्हरलाच नको त्या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवायला लावणं). ॲक्सेस कंट्रोल आधी काऊन, तर ओवास्पच्या २०२१ च्या टॉप टेन यादीत तेच पहिल्या नंबरवर आहे.

कसं असते ते ज्यूस शॉपमध्ये पाहू. एक अकाउंट काढा, बास्केटमध्ये दोन वस्तू टाका. बर्पच्या हिस्टरीत बास्केट मागणारी रिक्वेस्ट दिसेल, तिच्या शेवटी एक नंबर असते, समजा ६. ही रिक्वेस्ट उजव्या क्लिकनं रिपीटरमध्ये पाठवा. तिथं ६ चं ५ करा आणि सेंड दाबा. टोकन तुमचंच आहे, लॉगिन तुमचंच आहे, आणि उजव्या बाजूला २०० ओके येऊन दुसऱ्याच माणसाची बास्केट समोर येते. ना काळी स्क्रीन, ना हिरवी अक्षरं, फक्त एक आकडा बदलला.

आता बाकीचे इथं थांबतात, "सापडलं" म्हणून. तुम्ही पुढं जा. सर्व्हरनं काय तपासलं? माणूस लॉगिन आहे का, एवढंच. काय नाही तपासलं? ही बास्केट त्याची आहे का. लग्नाच्या मांडवात येणाऱ्या सगळ्यांना जेवण असते, पण कोठीची चावी एकट्या मामाजवळ राहते, तो फरक इथं कोडमध्ये लिहायचा राहून गेला. क्वेरीत बास्केटच्या आयडीसोबत लॉगिन केलेल्याचा यूजर आयडी पण जुळवायला पाहिजे होता, आणि तो यूजर आयडी सर्व्हरवरच्या सेशनमधून किंवा तपासलेल्या टोकनमधून घ्यायचा, रिक्वेस्टमधून आलेला नाही. मग विचार करा, अशी क्वेरी मी माझ्या प्रोजेक्टमध्ये कुठं कुठं लिहिली आहे? बिलं, पावत्या, रिपोर्ट डाउनलोड, प्रोफाइलचा फोटो. डाउनलोडच्या लिंकवर तर हमखास राहते.

प्रत्येक लॅबनंतर चार ओळी लिहा: काय सापडलं, नुकसान काय होऊ शकते, कोडमध्ये कारण काय, दुरुस्ती काय. हीच पुढं रिपोर्ट लिहायची तयारी होते, आणि इंटरव्ह्यूत दाखवायला पण कामी येते.

६. परवानगीशिवाय कशालाच हात लावायचा नाही

हे जरा कडक सांगते. शिकताना हात शिवशिवतात, मग पोरं गावच्या पतसंस्थेची, कॉलेजची, निकालाची वेबसाईट उघडून रकान्यात अवतरण चिन्ह (') टाकून पाहतात, एसक्यूएल इंजेक्शन चालते का म्हणून. करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरण्याबद्दल आहे, नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मी तर मदत करून राहिलो होतो" हे तुम्हाला माहीत आहे, ठाणेदाराला नाही. पोलिसांत नाव गेलं की पुढं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडकते, या क्षेत्रात तर नक्कीच.

खरी सिस्टिम तपासायची हौस असेल तर हॅकरवन, बगक्राउड या बग बाउंटीच्या (छिद्र दाखवलं की बक्षीस) साईटवर ज्या कंपन्यांनी प्रोग्रॅम उघडला आहे तिथं करा, आणि स्कोप शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कोणतं डोमेन चालते, कोणतं नाही, ऑटोमॅटिक स्कॅनर चालवायचा की नाही, सगळं तिथं लिहिलेलं असते. सहज वापरताना एखाद्या ठिकाणी काही दिसलंच तर खोलात न जाता सर्ट-इनला कळवायचा रस्ता आहे. पण बग बाउंटीवर घर चालवायचं गणित मांडू नका, सुरुवातीला तर बिलकुल नाही.

जाता जाता एक. गावात कळलं की तुम्ही "सायबर"मध्ये आहात की लोक येतात. कोणाला फेसबुक परत पाहिजे, कोणाला सुनेचं व्हॉट्सॲप पाहायचं. दुसऱ्या प्रकाराला "मामा, ते नाही करत मी" म्हणून चहा पाजून वाटेला लावा. पण ज्याचे खात्यातून पैसे गेले त्याला बसवून ठेवू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावायला सांगा, जितका लवकर तितकं बरं.

७. नोकरी सोडायच्या आधी, आहे त्या नोकरीतच सिक्युरिटी करा

हा टप्पा सगळे उडी मारून जातात आणि हाच सगळ्यात कामाचा आहे. बाहेरच्या कंपनीला तुम्ही "सिक्युरिटीचा अनुभव शून्य" दिसता. तो अनुभव फुकटात मिळायची जागा म्हणजे तुमचं सध्याचं टेबल.

टीम लीडला विचारून पाइपलाइनमध्ये डिपेंडन्सी स्कॅन (वापरलेल्या लायब्ररींतली छिद्रं शोधणारा) बसवा, त्यासाठी ट्रिव्ही फुकट आहे. गिटमध्ये चुकून गेलेले पासवर्ड आणि की शोधायला गिटलीक्स आहे. कोडसाठी सेमग्रेप. पहिल्यांदा चालवलं की शेकडो गोष्टी लाल दिसतील आणि टीम तुमच्यावर चिडेल, म्हणून ती यादी जशीच्या तशी कोणाच्या अंगावर फेकू नका. खऱ्या किती, आपल्या कोडला लागू किती, आधी कोणती, हे छाटून द्या. ही छाटणीच ॲपसेकचं निम्मं काम आहे.

नवीन फीचरची चर्चा चालू असली की एक प्रश्न विचारायची सवय लावा: याचा कोणी गैरवापर करायचा म्हटलं तर कसा करेल? यूआरएल घेऊन पीडीएफ बनवणारं साधं फीचर घ्या. यूआरएलच्या जागी कोणी १६९.२५४.१६९.२५४ टाकलं तर? क्लाउडवर तो मेटाडेटाचा पत्ता आहे, तिथून सर्व्हरच्या तात्पुरत्या चाव्या बाहेर येऊ शकतात, आणि अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचा २०१९ चा मोठा डेटा गेला त्यात हाच प्रकार होता. असं दोनदा बोलले की मिटिंगमध्ये लोक तुमच्याकडे पाहायला लागतात.

कंपनीत सिक्युरिटी टीम असेल तर त्यांच्याशी ओळख करा. त्यांनी काढलेले बग आपल्या टीमकडून बंद करून द्यायची जबाबदारी घ्या. काही ठिकाणी याला सिक्युरिटी चॅम्पियन म्हणतात. आतल्या आत बदली मिळाली तर यापेक्षा सोपा रस्ता नाही, पगार तोच, इंटरव्ह्यू ओळखीच्या माणसांसमोर. फक्त हे काम करताना पण परवानगी मेलवर घ्या, कंपनीच्या प्रोडक्शनवर स्वतःच्या मनानं स्कॅनर सोडू नका.

८. सर्टिफिकेट: कोणतं, कधी, आणि कोणत्या गावात बसून

सर्टिफिकेटनं एचआरच्या चाळणीतून पुढं जाता येते, पुढचं तुमच्यावर.

कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस, सध्याचा कोड एसवाय०-७०१, ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या स्केलवर ७५० ला पास. पाया सगळा एकदा नजरेखालून जाते, डेव्हलपरला जड नाही. सीईएचचं (सर्टिफाइड एथिकल हॅकर) नाव भारतातल्या जाहिरातींत आणि टेंडरात भरपूर दिसते म्हणून लोक करतात, पण खिशातून एवढे पैसे घालून पहिलं तेच करावं असं मला वाटत नाही. ॲपसेकसाठी पोर्टस्विगरचं स्वतःचं प्रॅक्टिशनर सर्टिफिकेट आहे, ४ तासांची हातानं करायची परीक्षा, अकॅडमी मनापासून केली असेल तर आवाक्यात येते, मात्र त्याला बर्पचं प्रोफेशनल व्हर्जन लागते. सीआयएसएसपीच्या मागं आत्ता लागू नका, त्याला ५ वर्षांचा अनुभव मागतात.

ओएससीपी पेनटेस्टिंगवाल्यांसाठी. कोर्स धरून लाखाच्या वर जाते. परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची, त्यानंतर रिपोर्टसाठी आणखी २४ तास, आणि परीक्षेभर समोर कॅमेरा चालू. आता गावात दुपारी लाईट गेली आणि टॉवरही बंद पडला तर काय, हा विचार आधी करा, वेळ वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका. जमत असेल तर नागपूर-अमरावतीत फायबर आणि इन्व्हर्टर दोन्ही असलेल्या नातेवाइकाच्या घरी एक खोली मागून घ्या, फोनचं हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीचं ठेवा. आणि त्या घरी त्या दिवशी बारसं, साखरपुडा काही नाही ना ते विचारून घ्या.

परीक्षेचे प्रश्न विकणारे "डम्प" घेऊ नका, सापडले की सर्टिफिकेट रद्द होते आणि वरून बंदी.

९. कागदपत्रं

- पासपोर्ट. परीक्षेला ओळखपत्र म्हणून सगळ्यात बिनधोक हाच.
- पॅन, आधार, सगळ्या मार्कशीट आणि डिग्री.
- आधीच्या प्रत्येक कंपनीचं ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र.
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६.
- पीएफचा यूएएन नंबर आणि त्यावरची सर्व्हिस हिस्टरी.

यात दोन फंदे आहेत. पहिला नावाचा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आधारवर वेगळा क्रम, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. परीक्षेचं अकाउंट उघडताना पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, नाव टाका, कारण नाव जुळलं नाही तर सेंटरवरून परत पाठवतात आणि फी बुडते. दुसरा फंदा अनुभवाचा. काही संस्था "दोन वर्षांचा सिक्युरिटीचा अनुभव लावून देतो" म्हणतात. यूएएनवर कोणत्या महिन्यात कोणत्या कंपनीनं पीएफ भरला ते सगळं दिसते, व्हेरिफिकेशनवाले तेच पाहतात. खोटं पकडलं गेलं की लागलेली नोकरीही जाते.

संस्थांचं निघालंच तर. "१०० टक्के प्लेसमेंट, फी ईएमआयनं" अशी जाहिरात असली की कागद नीट वाचा. तो ईएमआय बहुतेक वेळा तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असते, क्लास आवडला नाही म्हणून सोडला तरी हप्ता चालूच. तुरीचे पैसे आले म्हणून बाबांनी एकरकमी भरून टाकायची घाई करू नये.

आणि परदेशातली नोकरी. थायलंडला आयटीतलं काम, राहणं-खाणं फुकट, इंटरव्ह्यू फोनवरच, असं सांगून नेतात आणि म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यावर बसवतात. परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी साईटवर पाहता येते, ते पाहिल्याशिवाय पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नका.

१०. रेझ्युमे, इंटरव्ह्यू आणि गावातून काम

रेझ्युमेवर टूलची पंचवीस नावं टाकू नका. "बिलिंग एपीआयमध्ये दुसऱ्याचं बिल दिसत होतं, मालकी तपासणारा कोड एका जागी आणला, टेस्ट लिहिल्या" अशी एक ओळ जास्त बोलते. मात्र कंपनीची गोपनीय माहिती, क्लायंटचं नाव, दुरुस्त न झालेलं छिद्र यातलं काही लिहू नका. सिक्युरिटीच्या माणसानं तेच फोडलं तर त्याला ठेवेल कोण.

इंटरव्ह्यूत एसक्यूएल इंजेक्शन कसं थांबवाल हे विचारतातच. सगळे "पॅरामीटराइज्ड क्वेरी" म्हणतात आणि गप्प बसतात. तुम्ही पुढचं सांगा, की ऑर्डर बाय मधलं कॉलमचं नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही, तिथं चालणाऱ्या नावांची पक्की यादी ठेवून तिच्याशी जुळवावं लागते. एवढं ऐकलं की समोरच्याला कळते की यानं खरंच कोड लिहिला आहे. एक्सएसएस आणि सीएसआरएफमधला (दुसऱ्या साईटवरून लॉगिन असलेल्याच्या नावानं रिक्वेस्ट पाठवणं) फरक, जेडब्ल्यूटी (लॉगिनचं टोकन) कुठं ठेवायचा आणि लॉगआउट झाल्यावर त्याचं काय होते, फाईल अपलोडमध्ये काय काय तपासाल, हे तोंडी सांगायचा सराव करा. मराठीतच करा आधी, घरात कोणालाही समोर बसवून.

गावातून काम मिळेल का? मिळते, पण पहिली सिक्युरिटीची नोकरी बहुतेक ऑफिसातूनच करावी लागते, पुणे, हैदराबाद, बंगळुरू, थोडंफार नागपूरला. सॉकमध्ये तर स्क्रीन सोडता येत नाही, व्हीएपीटीत कधी कधी क्लायंटकडे जाऊन बसावं लागते. ॲपसेकमध्ये वर्ष-दोन वर्षांनी घरून करायची मुभा मागता येते, कारण काम कोड आणि मिटिंगचं आहे. घरून करणार असाल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट, इन्व्हर्टर, आणि ऑफिसच्या लॅपटॉपसाठी वेगळी खोली लागते. घरच्यांनी पऱ्हाटीचे भाव पाहायला त्याच लॅपटॉपवर यूट्यूब लावायचं नाही, हे पहिल्या दिवशी सांगून टाका.

पगाराबद्दल बोलताना एकूण अनुभव सांगा, "सिक्युरिटीत नवीन आहे" असं स्वतःहून म्हणून भाव पाडू नका. रात्रपाळी आहे का, ऑन-कॉल किती, बॉन्ड आहे का, हे ऑफरच्या आधी विचारा. आणि लेखी ऑफर हातात पडल्याशिवाय राजीनामा टाकू नका. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांत नोटीस ९० दिवसांची असते आणि नवीन कंपनीला माणूस लवकर पाहिजे असते, म्हणून तुमच्या करारात नोटीस विकत घेता येते का ते आजच काढून वाचा.